दादाचा ट्रक

कटरच्या जबड्यातून तो बारीक तुकडा उडाला आणि सतरंजीवर कुठेतरी पडला, तेव्हा दादाच्या घशातून आवाज आला. आवाज मोठा नव्हता. बरेच दिवस बंद असलेल्या नळाला पाणी येण्याआधी पाइप जसा खाकरतो, तसा. पण पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर दादाने कशासाठीच आवाज काढला नव्हता. सुई टोचली तरी नाही, अंग पुसताना पाणी जास्त गरम लागलं तरी नाही. त्यामुळे धाकटा भाऊ कटर हातात धरून तसाच बसून राहिला. मग चाकांच्या खुर्चीत दोन्ही बाजूंनी उशा लावून बसवलेल्या दादाकडे त्याने पाहिलं. दादाचे डोळे सतरंजीवर होते. तुकडा कुठे पडला ते त्या डोळ्यांनी बरोबर टिपलं होतं. "काय झालं?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. "काही नाही, एक भाग उडाला," तो म्हणाला आणि शोधायला उठला. दोन पावलं टाकली आणि तळव्याला काहीतरी टोचलं. पाय उचलायला हवा होता. त्याने उचलला नाही. उलट अंगाचा भार हळूच त्या पायावर घेतला. प्लास्टिक मोडल्याचा आवाज बाहेर आला नाही, तो त्याला हाडातूनच कळला. दादाचे डोळे त्याच्या पावलावरून वर आले, गुडघ्यावरून, पोटावरून, आणि चेहऱ्याशी येऊन थांबले. आणि त्याला बरं वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायल्यावर वाटतं तितकं साधं बरं वाटलं. भीती नंतर, जिना उतरताना वाटली, आणि तीही खालच्या दारापर्यंतच टिकली.

खोका वहिनीनेच काढून आणला होता. "नुसते भिंतीकडे बघत बसतात हो, भाऊजी. त्यांच्यासमोर बसून काहीतरी करत जा. त्यांचं त्यांना बघायला मिळेल." आतल्या खोलीत छतापर्यंत खोके रचलेले होते. दादाने चांगली नोकरी केली, पाणीपुरवठा खात्यात मोठा इंजिनिअर झाला, आणि आयुष्यभर संध्याकाळी त्या खोलीत बसून महायुद्धातली वाहनं बनवली. रणगाडे, तोफा ओढणाऱ्या गाड्या, आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे रॉकेट सोडणारा ट्रक. साधा सामान नेणारा ट्रक, पण पाठीवर शिडीसारखे तिरपे रूळ, आणि त्या रुळांच्या वर-खाली लटकवलेली रॉकेट. असे त्याने बरेच बनवले होते, काचेच्या कपाटात ते ओळीने उभे होते. पण हा खोका त्याने कधी उघडला नव्हता. वरचा पारदर्शक कागदसुद्धा फाडला नव्हता. सोबत एक वेगळं पाकीट होतं, त्यात पितळेच्या पत्र्यातून कोरलेले अतिबारीक भाग होते, रॉकेटचे पंख, दाराच्या कड्या, चाकाजवळचे पत्रे. हे सगळं दादा निवृत्त झाल्यावर सावकाश करणार होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निवृत्तीच्या निरोप समारंभातून घरी येतानाच त्याला पहिला झटका आला. "हाच का आणलात?" धाकट्याने वहिनीला विचारलं होतं. "वर हाच होता. हाताला आला तो आणला," ती म्हणाली होती.

तो दाराबाहेर आला तेव्हा रस्त्यावर एक बस थांब्यावर थांबून होती, तिच्या दारातून माणसं उतरत होती. तो थांब्याकडे न जाता चालतच निघाला. दादाला डोळे आहेत, हे त्याच्या लक्षात आलं होतं. गेले कितीतरी महिने तो दर रविवारी जाऊन तासभर बसायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, पावसापाण्याचं बोलायचा, आणि समोर खुर्चीत कोणी नाही असंच धरून चालायचा. आता तिथे कोणीतरी होतं. तो लहानपणापासून ज्याला ओळखत होता तोच होता. काड्यापेट्यांचा पहिला ट्रक दादाने केला तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. काड्यापेट्यांना शर्टाच्या बटणांची चाकं. सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काडीच्या डोक्याला गुंडाळायचा, खाली दुसरी जळती काडी धरायची, की फुस्स करून ती उडते. दादा म्हणाला होता, "तू शत्रू हो." शत्रूने काय करायचं? शत्रूने अंगणात पालथं पडायचं, उघड्या पाठीने. हलायचं नाही. "हललास तर तू पळपुटा शत्रू." पहिल्या एक-दोन काड्या चुकल्या. नंतरची बसली. त्याने ओठ दाताखाली धरला आणि तो हलला नाही, कारण हललो नाही तर दादा खूश होईल असं त्याला वाटत होतं. दादा खूश झालाही असेल. पण पुढच्या काडीचा कोन नीट करण्यात तो इतका गुंग होता की त्याने तोंड वर करून पाहिलंच नाही. संध्याकाळी आईने पाठीला मलम लावलं आणि म्हणाली, "खेळताना लागतंच." ती दादाला रागावली नाही. दादा हुशार होता. हुशार मुलाच्या हातून होतं ते प्रयोग असतात.

पुढे खरी किट यायला लागली. प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्यांना फांदीला फळं लागावीत तसे लागलेले भाग. दादाच्या टेबलाजवळ त्याला उभं राहायची परवानगी होती, हात पाठीमागे बांधून. एकदा त्याने एक चाक उचललं. दादाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, रुमालाने पुसलं, आणि शांतपणे म्हणाला, "तुझा हात जड आहे. तू बघ फक्त." मारलं असतं तर तो विसरला असता. दादाने मारलं नव्हतं, खरं ते सांगितल्यासारखं सांगितलं होतं. घरात मग ते वाक्य राहायलाच आलं. कप फुटला की आई म्हणायची, हात जड आहे त्याचा. परीक्षेत अक्षर वाईट आलं की वडील म्हणायचे, जड हात. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा मुलीच्या वडिलांसमोर दादा हसत हसत म्हणाला होता, "माझा भाऊ मनाने चांगला आहे, पण त्याच्या हातात काही नाजूक देऊ नका." सगळे हसले होते. मुलगीही हसली होती. ते लग्न दुसऱ्याच कारणाने मोडलं, पण त्याला आजही ते हसूच आठवतं.

आणि म्हणूनच की काय, त्याने हाताचंच काम धरलं. चष्म्याच्या काचा बसवण्याचं. शहरातल्या दुकानांतून नंबर यायचे, फ्रेमी यायच्या, आणि एका लांबट खोलीत उंच स्टुलावर बसून तो आणि इतर कारागीर काचेची कड घासायचे, फ्रेममध्ये बसवायचे, तिळापेक्षा लहान स्क्रू पिळायचे. बिनकडेच्या चष्म्याला काचेतच भोक पाडायचं असतं. जोर जरा जास्त झाला की काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते. ती कामं मालक त्याच्याकडेच पाठवायचा. शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे बोका म्हणायचे, कारण तो दुपारी डबा खाऊन बसल्या जागी डोळे मिटायचा. हा बोका एकदा मालकाला म्हणाला होता, "याला मुंगीचा चष्मा करायला द्या, काड्यांसकट करून देईल." दादाला हे कधी सांगायची वेळ आली नाही. दादाने तीस-चाळीस वर्षं चष्मा वापरला, तोही यानेच बसवून दिलेला, आणि तो चष्मा कोणी बसवला हे दादाने कधी विचारलं नाही. त्याला वाटत असावं चष्मे दुकानातून तसेच येतात.

त्या आठवड्यात तो काम करत होता खरा, पण डोक्यात ट्रक होता. केबिनचे भाग, रुळांची चौकट, मागची जोडचाकं. कुठला भाग कसा बिघडवता येईल याचा तो विचार करत होता, आणि त्यात एक अडचण होती. बिघडवायचं तर ते जड हाताने बिघडल्यासारखं दिसायला हवं होतं. मुद्दाम केलेलं वहिनीला दिसता कामा नये, पण दादाला दिसायला हवं. हे फार नाजूक काम होतं. "आज काय गाणं गुणगुणतोयस?" बोक्याने विचारलं. आपण गुणगुणत होतो हे त्याला तेव्हा कळलं.

दुसऱ्या रविवारी त्याने चॅसी जोडली. ट्रकची चॅसी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. सरळ पृष्ठभागावर ठेवून गोंद वाळू द्यायचा, म्हणजे चारी बाजू टेकतात. त्याने ती हातातच धरून जोडली, हलकेच पीळ देऊन. वाळल्यावर टेबलावर ठेवली तर एक कोपरा वर राहिला. आता हा ट्रक जन्मभर लंगडणार होता. दादाच्या नाकपुड्या फुगल्या. तिसऱ्या रविवारी केबिन. ती जोडताना त्याने अंगठ्याला पातळ गोंद लागू दिला आणि छतावर अंगठा टेकवला. गोंदाने प्लास्टिक विरघळतं, त्यात अंगठ्याच्या रेघा उमटल्या, स्वच्छ, शिक्का मारावा तशा. त्याने केबिन दादाच्या डोळ्यांसमोर धरली, फार जवळही नाही, फार लांबही नाही. चष्म्याच्या नंबरावरून कुठल्या अंतरावर दादाला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते त्याला ठाऊक होतं. "कसं आहे, दादा?" त्याने विचारलं. दादाच्या गळ्याची शीर ताठ झाली. "अरे वा, दादाला आवडलं वाटतं," तो मोठ्याने म्हणाला, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं. वहिनी चहाचे कप घेऊन आली, तिने केबिनकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. "किती करता हो तुम्ही त्यांच्यासाठी," ती म्हणाली. चहात साखर कमी होती. तिने तो न विचारताच पुन्हा आत नेऊन साखर घालून आणला.

या ट्रकच्या काचेवर पोलादी झडपा असतात. रॉकेट सुटतात तेव्हा त्यांची आग मागे येते, केबिनवरूनच जाते, म्हणून आतल्या माणसाने झडपा खाली ओढून घ्यायच्या आणि अंधारात बसायचं. दादानेच हे कधीतरी सांगितलं होतं, त्याला नव्हे, घरी आलेल्या एका साहेबांना, तो पाण्याचे ग्लास ठेवत असताना. दादा म्हणाला होता, "गंमत अशी, की सोडणाऱ्यालाच काही दिसत नाही." झडपा पितळेच्या पत्र्यातल्या होत्या, त्यांना खरोखर हलणाऱ्या बिजागऱ्या करता येत होत्या. नीट वाकवल्या तर उघडल्या असत्या, मिटल्या असत्या. हे पाकीट दादाने किती वाट पाहून मिळवलं होतं ते दादालाच माहीत. त्याने एक बिजागरी चिमट्याने वाकवली, आणि त्याच्या हाताला ती इतकी आवडली की ती अगदी बरोबर वाकली. तो चपापला. हात आपल्या सवयीने काम करत होता. पितळ कसं कुठे दबतं ते हाताला कळत होतं, रोजच्या फ्रेमीसारखंच ते होतं. त्याने ती बिजागरी पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ केली. पत्रा थकला आणि तुटला. दादाने डोळे मिटले. "डोळे उघड ना, दादा," तो खाली वाकून कानाशी म्हणाला. "मी एकटा कसा करू?" दादाने उघडले नाहीत. मग त्याने थोडा वेळ जाऊ दिला आणि टेबलावर नुसताच कटर वाजवला. दादाचे डोळे उघडले. न उघडून दादा राहूच शकत नव्हता, हे त्याला त्या दिवशी समजलं, आणि घरी जाताना तो एका दुकानाच्या काचेत स्वतःला पाहून हसला.

कधी कधी त्याला वाटायचं, आपण हे थांबवू. हे वाटणं साधारण बुधवारी यायचं. रात्री अंथरुणात पाठीवर पडलं की दादाचा तो उशांमध्ये रुतलेला चेहरा दिसायचा, ओठाच्या कोपऱ्यातून येणारी लाळ, ती पुसायला वर न येणारा हात. हा माणूस त्याला सायकल शिकवायला मागे धावला होता. वडील गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि बराच वेळ काढला नव्हता. हेही खरं होतं. पण त्या आठवणी आठवाव्या लागत होत्या, आणि दुसऱ्या आपल्या आपण येत होत्या. शुक्रवारपर्यंत बुधवार विरून जायचा. शनिवारी तो लवकर झोपायचा, रविवारी हात ताजे असावेत म्हणून.

व्यायाम घेणाऱ्या बाई त्याला एकदा फाटकात भेटल्या. एरवी त्या सोमवारी यायच्या, त्या आठवड्यात रविवारी आल्या होत्या. "तुम्हीच ना ते भाऊ? तुमच्याशी बोलायचंच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करता त्यांच्यासोबत?" त्याने सांगितलं, "काही नाही, त्यांच्या छंदाचं आहे, ट्रक बनवतो समोर बसून." बाईंचा चेहरा उजळला. "तेच म्हटलं. हल्ली दर सोमवारी त्यांच्या डाव्या हातात जोर असतो. बोटं दाबतात माझी. मानेचे स्नायूही जागे होतायत. घशातून आवाज काढायला बघतात. सोडू नका हं तुम्ही. औषधाने होत नाही ते याने होतंय." त्या स्कूटर सुरू करून निघून गेल्या. तो फाटकाची कडी धरून उभा राहिला. दादा रागाने बरा होत होता. आपण त्याला आठवड्याला एक डोस देत होतो. उद्या हात उठेल, परवा जीभ वळेल, आणि मग दादा सगळं सांगेल. त्या दिवशी त्याला वर जावंसं वाटेना. तरी तो गेला. न जाता घरी बसून काय केलं असतं, हा प्रश्न त्याला त्याहून अवघड वाटला.

शेवटी राहिली रॉकेट. ती रुळांवर चढवायची आणि रंग द्यायचा. रंगाचं काम त्याने दोन रविवारांत उरकलं, जाड ब्रशने, ओघळ येऊ देत. रॉकेटचे पंख त्याने कापलेच तिरपे, आणि एकेक रॉकेट वेगळ्या तोंडाने लावलं. ट्रक तयार झाला तेव्हा तो दिसायलाच केविलवाणा होता. पाठीवर विस्कटलेल्या काड्यांचा भारा, एक चाक अधांतरी, काचेवरच्या झडपा कायमच्या चिकटलेल्या. त्याने ट्रक खुर्चीच्या आडव्या फळीवर ठेवला, दादाच्या हातांच्या मध्ये. "झाला बघ तुझा ट्रक," तो म्हणाला. "कपाटात मधोमध ठेवू. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल." दादाचा डावा हात हलला. आधी बोटं, मग मनगट. तो हात फळीवरून सरकत, ट्रकला वळसा घालून, भावाच्या मनगटापर्यंत आला आणि त्याने मनगट धरलं. पकड ढिली होती, लहान मूल धरतं तशी. दादाचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. "पु," दादा म्हणाला. मग सगळी मान थरथरली आणि शब्द पुरा झाला. "पुरे."

तो शब्द स्पष्ट होता. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. तो विनवणीचा होता. उभ्या आयुष्यात दादाने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याचा हात तसाच दादाच्या हातात होता, आणि त्याला वाटलं, आता खुर्चीशेजारी खाली बसावं, दादाच्या मांडीवर डोकं ठेवावं, काय बोलायचं ते आपोआप येईल. तेवढ्यात दारात वहिनीचा आवाज आला. "बोलले ना काहीतरी? काय म्हणाले?" त्याने वळून पाहिलं. ती हात पदराला पुसत उभी होती. "छान म्हणाला," तो म्हणाला. शब्द कुठून आला ते त्याला कळलं नाही. वहिनीने हात पुन्हा एकदा पदराला पुसले. मग म्हणाली, "हो. मलाही तसंच ऐकू आलं." दादाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याच्या मनगटावरची बोटं एकेक करून सुटली.

तो कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. "तुम्ही ऐकलंत ना, वहिनी," तो म्हणाला. "दारातच तर होते मी," ती म्हणाली. "मग तसं का म्हणालात?" तिने गॅस बारीक केला. तिच्या बोलण्यात रडू नव्हतं, ती भाजीवाल्याची तक्रार सांगावी तशी सांगत होती. "माझी आई गेली त्या दिवसाचं आठवतं तुम्हाला? माझ्या भावाचा फोन सकाळी आला होता. मी आंघोळीला गेले होते. यांनी घेतला. भाऊ म्हणाला, लगेच निघा, आई विचारतेय. यांचं आत रंगकाम चाललं होतं. यांनी मला संध्याकाळी सांगितलं, चहा पिताना. आम्ही पोचलो तेव्हा तिला खाली ठेवलेलं होतं. मी विचारलं, असं का केलंत. तर म्हणाले, रंग ओला होता, अर्धवट सोडला असता तर डाग पडला असता. खोटं बोलले असते तरी चाललं असतं मला. विसरलो म्हणाले असते. पण यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही." बाहेरच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. दोघांनी कान दिला. मग ती पुढे म्हणाली, "तो खोका सगळ्यात वर नव्हता, भाऊजी. सगळ्यात खाली होता. बाकीचे सगळे उतरवून काढला मी." "तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं?" "पहिल्या दिवशी तुम्ही पाय दाबलात ना, ते मी दाराशी येऊन पाहिलं. मला वाटलं, बरं झालं. मला हे जमलं नसतं. मी त्यांची बायको आहे, मला त्यांचं सगळं करावं लागतं." तिने झाकण उचललं, चमच्याने ढवळलं, झाकण ठेवलं. "पुढच्या रविवारी तो मोठा काढून ठेवते. तसलाच ट्रक आहे, पण दुप्पट आकाराचा. येताय ना?"

तो आठवडाभर कामावर नीट लागला नाही. एका बिनकडेच्या चष्म्याची काच त्याच्या हातून तडकली. मालकाने ती उजेडात धरून पाहिली आणि दुसरी दिली. आपलं म्हणून जे काही होतं ते आपलं नव्हतंच, असं त्याला वाटत होतं. इतके रविवार आपण दादाशी लढतोय असं समजत होतो आणि वहिनीने आपल्याला काठीसारखं वापरलं. तिचा राग यावा तर तोही येत नव्हता, कारण तिची बाजू पटत होती. राहून राहून तो एकच शब्द कानात यायचा, त्या जड जिभेने जुळवलेला. शनिवारी त्याने ठरवलं, जायचं, पण आता नीट करायचं. एकदा तरी नीट. दादाला एक चांगला ट्रक करून द्यायचा, त्याने स्वतः केला असता तसा. माफी मागायला त्याच्याकडे दुसरी रीत नव्हती. त्याने कामावरची आपली हत्यारं कापडात गुंडाळली, टोकदार चिमटा, बारीक कानस, डोळ्याला लावायचं भिंग.

वहिनीने खोका टेबलावर काढून ठेवला होता, त्यातही पितळेच्या भागांचं पाकीट होतं. तो बसला, हात पुसले, आणि पितळेच्या पत्र्यातून रॉकेटचा पहिला पंख कापला. कड कानशीने एका ओढीत साफ केली. भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याने पंख धरला, त्याच्या बुडाशी गोंदाचा टिपका सुईच्या टोकाने ठेवला, आणि रॉकेटच्या शेपटीला लावला. दुसरा पंख. तिसरा. चौथा. शेपटी समोरून पाहिली तर अधिकाचं चिन्ह, काटेकोर. हात त्याचे त्याचेच चालत होते. बाहेर कुठेतरी कोणी खिळा ठोकत होतं, तो आवाज येत होता आणि त्याला त्रास होत नव्हता. इतकी शांतता त्याला कामावरही कधी लाभली नव्हती. त्याने दुसरं रॉकेट घेतलं. मग झडपांची बिजागरी केली, पातळ तारेचा तुकडा आत ओवला, फुंकर घातली, आणि ती मिटली. पुन्हा फुंकर घातली, उघडली. लहान मुलासारखा आनंद होऊन त्याने ती दादासमोर धरली. "बघ," तो म्हणाला, "हलते."

दादा बघत होता. आधी त्याच्या डोळ्यांत भूक होती, कामाच्या प्रत्येक हालचालीमागे ते डोळे धावत होते, कानस वळली तर वळत होते. मग ते टेबलावरच्या रॉकेटांवर गेले आणि तिथून त्याच्या हातांवर आले, आणि तिथेच राहिले. काचेच्या कपाटात दादाचे सगळे ट्रक उभे होते. एकाचीही झडप हलत नव्हती. इतके रविवार नासधूस चालू होती तेव्हा त्या डोळ्यांत एक गोष्ट पक्की होती, भिंतीसारखी, की याचा हात जड आहे. तिला टेकूनच दादा बसला होता. आता ती तिथे नव्हती. दादाची हनुवटी लटपटायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं, ते चष्म्याच्या कडेशी थांबलं आणि गालावर उतरलं. दादाने मान वळवायला सुरुवात केली. झटक्यानंतर ती मान कधी स्वतःहून वळली नव्हती. कणाकणाने, दात आवळून, थांबत थांबत ती वळली, आणि दादाचं तोंड भिंतीकडे झालं.

"मान वळवली त्यांनी," वहिनी दारातून म्हणाली. "बाईंना सांगायला हवं."

त्याने भिंग डोळ्यावरून काढलं. आपण माफी मागायला आलो होतो हे त्याला आठवत होतं, पण ते दुसऱ्या कोणाबद्दल ऐकल्यासारखं आठवत होतं. भिंतीकडे वळलेला तो डोक्याचा मागचा भाग, विरळ केस, कानामागे अडकलेली चष्म्याची काडी त्याने नीट पाहून घेतली. आत काहीतरी हळूहळू भरत चाललं होतं, पूर्वीच्या रविवारांपेक्षा कितीतरी गोड, आणि या वेळी त्याला काहीच वाईट करावं लागणार नव्हतं. चिमटा कापडावर ठेवून तो उठला. त्याने खुर्चीचा ब्रेक काढला आणि ती अलगद फिरवली, दादाला हिसका बसणार नाही अशी, भिंत मागे आणि टेबल समोर येईपर्यंत. मग ब्रेक लावला. दादाचा चष्मा काढला, काचा आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, आणि पुन्हा बसवला. वहिनीने पुढे होऊन एक उशी दिली. ती त्याने दादाच्या गालाशी घट्ट खोचली, मान वळणार नाही अशी.

"दिसतंय ना आता नीट?" त्याने विचारलं आणि पुढचा पंख कापायला घेतला.